पारसिकच्या चढासाठी जड सायकल

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीतून मी स्कूटर बाहेर काढली तेव्हा खिशात सुट्या भागांची यादी होती आणि डोक्यात मेहुणा होता.

हा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ विनायक, पुण्याचा. पुणेकराला सायकल येते यात कर्तृत्व ते काय, पण त्याला हे सांगणार कोण? दिवाळीच्या फराळाला आला आणि चकली मोडत म्हणाला, "दाजी, तुमच्या नव्या मुंबईत रस्ते रुंद आहेत, पण माणसं सगळी रिक्षात." मला राग आला. स्वतः एकेक भाग निवडून डोंगरी सायकल जुळवीन आणि बेलापूरहून पारसिकचा डोंगर पाय न टेकता चढून दाखवीन, असं मी बोलून गेलो.

"आणि टेकलात तर?"

"तर सगळ्या नातेवाइकांसमोर तुला गुरू म्हणेन."

बायकोच्या माहेरी असलं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. जिंकणं भाग होतं.

मला हार्डटेल हवी होती (पुढच्या चिमट्याला स्प्रिंग, मागची बाजू कडक). तुर्भ्याच्या दुकानदारानं पायडलच्या दांड्यांचे दोन जोड काउंटरवर ठेवले. एक हलका, एक जड, आणि हलका महाग! कमी माल देऊन जास्त पैसे मागणारा माणूस मी ओळखतो. मी म्हटलं, आधी वजन करून बघतो. तारण ठेवल्यासारखं घड्याळ त्याच्याकडे ठेवून दोन्ही जोड घेतले आणि थेट एपीएमसीच्या दाणाबाजारात गेलो.

तिथल्या मापाड्यानं (पोती तोलणारा) दोन्ही जोड काट्यावर टाकले आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, हा जोड भारी हाय."

"मग जड तेच चांगलं ना?"

"आमच्याकडं तर जडच चांगलं. गोनी हलकी निघाली तर मारामारी होते."

तज्ज्ञांचं मत मिळालं. आमच्या घरातही हाच कायदा. सुनंदा, म्हणजे माझी बायको, स्टीलचं पातेलं घेताना हातावर झुलवून बघते आणि जड असेल तेच घेते. मी तिला वर्षानुवर्षं हसत आलोय. त्या दिवशी मात्र जड दांड्यांचे पैसे देऊन घड्याळ सोडवलं आणि चिमटा, चाकं, हँडल, सगळं मी हातावर झुलवून घेतलं.

फ्रेम राहिली होती. ती द्रोणागिरीकडे मिळेल असं कळलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिवरं आणि मिठागरं, आणि मध्येच नियोजित नगराचा मोठा फलक. फलकावर बागा होत्या, कारंजी होती, हसणारं कुटुंब होतं. फलकाखाली एक म्हैस बसली होती. तिला नगर आवडलेलं दिसत होतं.

इब्राहिमभाई तिथले मूळचे. साठीचा माणूस, बंदराकडून येणारा परदेशी माल उचलून सायकली जुळवायचा. त्यांनी आधी घरून सांदणं मागवली (तांदळाच्या गोड, वाफवलेल्या वड्या). मी चार खाल्ली. मग त्यांनी आतून एक अॅल्युमिनियमची फ्रेम आणली, पोटच्या पोराला आणावी तशी.

"ही एकच हाय. तुमच्यासाठी ठेवली."

मी ती एका बोटावर उचलली आणि खाली ठेवली. "हा तर पत्रा आहे. ती लोखंडी द्या."

"साहेब, चढावर जायचंय ना? वजन तर तुमचं हायच की. तिला आनखी कशाला?"

मला हसू आलं. बनियनवर बसलेला माणूस मला, पदवीधराला, सायकल शिकवत होता. मी पाचवं सांदण खाल्लं आणि लोखंडी फ्रेम घेतली. त्यांनी तिच्यावर सगळी सायकल जुळवून दिली. ती टेम्पोत चढवायला दोघं लागले. मला अभिमान वाटला.

पैजेच्या आदल्या सकाळी विनायक माझ्याबरोबर चढायला स्वतःची सायकल घेऊन आला, पण तिची फ्रेम बसच्या टपावर एका लोखंडी कपाटाखाली दबून वाकली होती. मी हळहळलो आणि आतून सुखावलो. इब्राहिमभाईंच्या शेजारच्या पीसीओवर फोन लावला. "माझा मेहुणा येतोय. त्याच्या सायकलीला तो पत्रा बसवा." पहिल्याच वळणावर तो पत्रा दुमडेल, असा माझा हिशेब होता. इतका नीच विचार मी पूर्वी फक्त ऑफिसात केला होता.

रविवारी सकाळी बेलापूरहून निघालो. पहिल्या वळणावर विनायक शीळ घालत होता. दुसऱ्या वळणावर शीळ दुरून येत होती. तिसऱ्या वळणावर माझ्या छातीत भाता चालू झाला, सायकल जागेवर उभी राहिली आणि माझा पाय टेकला. पुढे ढकलत गेलो. स्वेटर घातलेले एक आजोबा फिरायला आले होते. त्यांनी विचारलं, "बंद पडली का? पेट्रोल आहे ना?"

मला इब्राहिमभाईंची खरोखर लाज वाटली. त्या माणसानं माझ्यासाठी एकच चांगली वस्तू राखून ठेवली होती. मी त्यांची सांदणं खाल्ली, शहाणपण नाकारलं, आणि तीच वस्तू वैऱ्याच्या हाती दिली, तीही स्वतः फोन करून.

वर विनायक दगडावर बसून शेंगा खात होता. "दाजी, काय फ्रेम दिलीत! तुमचे उपकार कसे फेडू?"

परतताना सानपाड्यात भंगारवाल्यानं हातगाडी थांबवली, माझी सायकल उचलून बघितली आणि समाधानानं मान हलवली. "द्यायची का? माल वजनदार हाय." माझ्या निवडीची कदर करणारा तो पहिला माणूस.

घरी सुनंदानं दार उघडलं, हँडल धरून सायकल जराशी उचलली आणि लगेच सोडली.

"एवढी जड?"

"तूच तर म्हणतेस, जड तेच टिकतं."

"अहो, पातेलं शेगडीवर बसतं. ते घेऊन मला डोंगर चढायचा नसतो."

विनायकच्या हातातला चहा हसून हसून बशीत सांडला. गुरू कोण ते मला त्याच क्षणी कळलं. पुढच्या लग्नाच्या पंगतीत, साठ माणसांसमोर, मला गुरू म्हणावं लागलं ते मात्र विनायकला.