टर्बो, सुपरचार्जर आणि गावदेवाचा कौल

आमच्या घरात दोन इंजिनिअर होते. एकाने कॉमर्स केलं होतं आणि दुसऱ्याने तेही अर्धवट सोडलं होतं. पहिले आमचे हे, बेलापूरला सरकारी ऑफिसात. दुसरा माझा धाकटा दीर, आमच्याकडेच राहणारा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवी मुंबईत जुईनगरला नवा फ्लॅट, समोर रुंद, रिकामे रस्ते. दोघांना वाटलं, हे मुद्दाम आपल्यासाठीच बांधलेत. मग आमच्या रंग उडालेल्या सेकंडहँड गाडीची रेसची गाडी करायचं ठरलं.

ह्यांना टर्बो हवा होता, दिराला सुपरचार्जर. दोन्ही म्हणे इंजिनात जास्त हवा कोंबतात, मग गाडी जोरात पळते. टर्बो फिरतो बाहेर जाणाऱ्या धुरावर, म्हणजे फुकटात, पण जागा व्हायला वेळ घेतो. सुपरचार्जर इंजिनाला जोडलेल्या पट्ट्यावर फिरतो, पाय दाबला की हजर, पण इंजिनाचीच ताकद खातो. मी म्हटलं, मला काय समजावता, दोघांनाही रोज मीच वाढते. एकाला उठवताना घसा बसतो. दुसरा ताट मांडायच्या आत हजर, आणि भावाच्या पगारावर पळतो.

"हसू नका वहिनी, टेक्निकल आहे," दीर म्हणाला.

हसत नव्हते हो मी. त्याच गाडीतून मी बेलापूरच्या ऑफिसांत जेवणाचे डबे पोचवायचे. गाडी शिकले ती त्यासाठीच. आता कार्बोरेटर निघून आमच्या गॅलरीत, पेपरावर, तुळशीशेजारी बसला होता. निर्णय झाल्याशिवाय त्याला परत जागा नव्हती, आणि त्याच्याशिवाय गाडी हलत नव्हती. मी डबे रिक्षाने न्यायचे, आमटी सांडायची, उशीर व्हायचा. एकेक गिऱ्हाईक हळूच म्हणायला लागलं, उद्यापासून नको. हाताने उभा केलेला माझा धंदा चालला होता, आणि हे दोघं चहावर चहा पीत हवेच्या दाबावर बोलत होते. शेजारच्या शिरवणे गावातल्या गॅरेजवाल्याने सांगितलं, जे आणाल ते बसवतो. आणायचं कुठून, हे मात्र दोघांपैकी कुणी विचारलं नाही. विचारवंतांना असले प्रश्न पडत नाहीत.

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. आम्ही मूळचे कोकणातले. घर असो, लग्न असो, गावदेवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. कौल लावा म्हणाल्या. गाडी उघडी पडलेली, म्हणून गाडीचं विचारायला सगळे एसटीने गावी गेलो.

देवाच्या अंगाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. जी आधी पडेल ते देवाचं उत्तर. उजवी टर्बोची, डावी सुपरचार्जरची ठरली. गुरवाने आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्यांच्या गाडयेक टर्बो घालूचो की सुपरचार्जर, ता तू सांग म्हाराजा." मागची माणसं "होय म्हाराजा" म्हणाली, काय विचारलं ते कळल्यासारखी.

पाकळ्या हलेनात. दोघं भाऊ हात जोडून, मान वर करून उभे. परीक्षेला असे उभे राहिले असते तर!

"उजवीच पडणार. टर्बोला वेळ लागतोच," हे पुटपुटले.

बराच वेळ गेल्यावर गुरव म्हणाला, देवाच्या मनात नाही, दुसरं काही विचारायचं असेल तर विचारा. मी पुढे झाले. सासूबाईंनी पाहिलं, पण अडवलं नाही.

"इंजिनात काही न घालता माझी गाडी मला परत द्यावी काय, विचारा. हो असेल तर उजवी पाड म्हणावं."

नव्या पाकळ्या लावल्या. गुरवाचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी खाली आली. पाय दाबला की हजर.

देवाशी वाद घालायची दोघांची छाती नव्हती. परत आल्यावर कार्बोरेटर तुळशीपासून उठला, गाडी आपल्या जुन्या गतीने रस्त्याला लागली. आमटी सांडू नये म्हणून पहिल्या दिवशी दोघा इंजिनिअरांना मी मागच्या सीटवर मांडीवर डबे देऊन बसवलं. बेलापूरच्या वाटेवर एक स्कूटरवाला आम्हाला मागे टाकून गेला.

"वहिनी, जरा दाबा की," दीर मागून म्हणाला.

मी त्याला डबा सरळ धरायला सांगितलं.