मोजणीचा दिवस

प्रयागबाई पारशिवनीकडून सून होऊन नागपुरात आली, तेव्हा कन्हानकडे जाणारा हा मोठा रस्ता एवढा मोठा नव्हता. पलीकडच्या वस्तीत तिची नणंद रंभाबाई. दोघींचे नवरे गेले, पण सकाळचा एकत्र चहा चाळीस वर्षं टिकला. रंभाबाईचे गुडघे धरलेले, म्हणून जायचं प्रयागबाईनेच. हात वर करायचा आणि निघायचं. ट्रकवाले शिव्या देत थांबायचे, पण थांबायचे.

यंदा रस्त्याचं काम निघालं. नवं डांबर, फुटपाथ, दोन्ही वस्त्यांना नाल्या, दिवे. मधोमध कंबरेएवढी भिंत येणार, आणि लोक जास्त ओलांडतात तिथेच वाट सोडणार. ते मोजायला मंगळवारी माणसं यायची होती.

प्रयागबाईने घरोघरी बजावलं, "साहेब लोक येऊन राहिले वं. सडा टाका, पोरं घरात ठेवा, रस्त्यात कोणी लुडबुड करू नका." पाहुणे येणार म्हटल्यावर आणखी काय सुचणार? त्या दिवशी वस्तीतलं कुत्रंही पलीकडे गेलं नाही. प्रयागबाईने स्वतःचा चहासुद्धा बुडवला.

मोजणीवाली पोरगी, भूमिका, दिवसभर छत्रीखाली बसून होती. सांजेला प्रयागबाई तिला पाणी द्यायला गेली आणि कागदात डोकावली. अक्षरं जेमतेम लागायची, आकडे मात्र कळत. सगळे शून्य.

"हे काय वं पोरी?"

"आजी, कोणी ओलांडलंच नाही. इथे वाट कशाला सोडतील?"

प्रयागबाई तिथेच बसली. रंभाबाईचा ओटा समोर दिसत होता. "मीच कोंडलं सगळ्यायले. तुमच्यासमोर वस्ती चांगली दिसावी म्हणून."

भूमिकाला हसू आलं, पण म्हातारीचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. "परवा पुन्हा बसते. पण तुम्ही कोणाले काही सांगायचं नाही."

"काहीच नाही?"

"नीट वागा, एवढंही नाही."

दोन दिवस गप्प बसणं प्रयागबाईला जन्मात जमलं नव्हतं, ते जमवलं. गुरुवारी रेशनच्या पिशव्या, शाळेची पोरं, दोन बकऱ्या, सगळे नेहमीसारखे घुसले. दुपारपर्यंत भूमिकाचा कागद भरला.

दिवाळीच्या सुमारास भिंत आली, वस्तीसमोर वाट सुटली आणि तिथे पांढरे पट्टे, सिग्नल लागले. आठवडाभराने प्रयागबाई पायात चप्पल घालत होती, तर दारात रंभाबाई, काठी टेकून धापा टाकत.

"चहा ठेव वं वैनी. सगळे ट्रक उभे करून आली मी."

प्रयागबाईने चप्पल काढली. ती साखर शोधायला लागली.