मागे मागे गेलेलं आडनाव

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी बेंगळूरच्या कँटोन्मेंटातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत शिकवायला लागले. शिकलेही मी त्याच शाळेत. आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या आयरिश सिस्टर तेव्हा निवृत्त होऊन शाळेच्या मागच्या बंगल्यात राहत होत्या. दुपारी माझा एक तास रिकामा असायचा. मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. त्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून सिल्व्हर ओकच्या झाडांकडे बघत असायच्या. डोकं तोवर अगदी तल्लख होतं.

एकदा त्यांनी विचारलं, "तुझं आडनाव राव. राव म्हणजे काय गं?"

"मानासाठी लावतात, सिस्टर. तुमच्यात मिस्टर लावतात तसं."

"मग त्याच्या खाली काय आहे?"

मी घरात ऐकलेलं तेवढं सांगितलं. आमचं घर चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. कधीकाळी फौजेबरोबर महाराष्ट्रातून इकडे आलो, एवढंच घरात सांगत. तिकडचं गाव कोणतं, आडनाव कोणतं, कोणाला ठाऊक नव्हतं. घरात बोलायचो मराठीच, पण पुण्याहून आलेला माणूस ती ऐकून हसायचा.

"तुमचं गळून पडलं," सिस्टर म्हणाल्या. "आमचं झिजत गेलं."

कॉन्व्हेंटमध्ये आल्यावर आडनाव मागे राहतं, त्यामुळे त्यांचं आडनाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जेनिंग्ज. ऐकायला साधं इंग्रजी. पण त्याआधी ते आयरिश भाषेत मॅक शोनीन होतं, म्हणजे छोट्या जॉनचा मुलगा. आणि हा छोटा जॉन ज्या घराण्यातला, ते घराणं दे बर्गो. आठशे वर्षांपूर्वी फ्रेंच बोलणारे नॉर्मन सरदार इंग्लंडमधून समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये उतरले, त्यांच्यातलं. त्यांनी जमिनी बळकावल्या, गढ्या बांधल्या. पुढच्या पिढ्या तिथल्याच आयांच्या मांडीवर वाढल्या, तिथलीच भाषा बोलू लागल्या. घराण्याला फाटे फुटले आणि एकेका फाट्यानं आपापल्या पूर्वजाचं नाव लावलं. मग इंग्रजांचा अंमल घट्ट झाला, तेव्हा त्याच नावाला इंग्रजी कपडे घातले.

"पहिल्या दिवशी किनाऱ्यावर काय झालं असेल, याचा मी लहानपणी फार विचार करायची," त्या म्हणाल्या. "आता नाही करत."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते. माणसं पुसट होत गेली. मला मात्र बघून त्या हसायच्या. एका दुपारी मी "सिस्टर" अशी हाक मारली, तर त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा मारली. शेवटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"सिस्टर कोण?" त्यांनी विचारलं. आवाज शाळकरी मुलीचा. "मी जेनिंग्ज."

मला वाईट वाटलं, पण भीती वाटली नाही. म्हातारपणी माणसं लहान होतात, हे मी घरात बघितलं होतं. मीही त्यांना जेनिंग्ज म्हणू लागले. त्या खुशीत ओ द्यायच्या.

पावसाळा संपता संपता तेही थांबलं. "जेनिंग्ज" म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, दुसरं कोणी उभं आहे की काय म्हणून. आणि मग एकदा छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मॅक शोनीन." त्यापुढे बरंच काही बोलल्या. आवाज खाली उतरला होता, घशातून येत होता. एकही शब्द मला कळला नाही.

बंगल्याचं स्वयंपाकघर बघणाऱ्या दुसऱ्या एक आयरिश सिस्टर होत्या, डब्लिनच्या. त्या चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय बोलतायत?" मी विचारलं.

"आयरिश बोलतायत." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "दुधाचं काहीतरी. आणि दार लावून घ्या म्हणतायत."

"मग बरोबर आहे ना? लहानपणची भाषा."

"त्यांना आयरिश येत नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं आम्ही एका टेबलावर जेवतोय. मी कधी एखादा शब्द बोलले तर त्या म्हणायच्या, मला नाही कळत, आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं."

आम्ही डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, कधीतरी कानावर पडलेलं असेल, मेंदूत राहतं. पटण्यासारखं होतं. मी ते पटवून घेतलं.

ख्रिसमसच्या आधी पाँडिचेरीला फ्रेंच लोकांत बरीच वर्षं काढलेले एक फादर त्यांना प्रार्थनेसाठी भेटायला आले. लख्ख दुपार होती, अंगणात माळी पानं जाळत होता. फादरनी वाकून विचारलं, "सिस्टर, बऱ्या आहात ना?"

सिस्टरनी ताठ बसून सांगितलं, "दे बर्गो." मग बोलत राहिल्या. फादर खुर्ची ओढून जवळ बसले. बराच वेळ ऐकलं.

"फ्रेंच आहे का?" मी हळूच विचारलं.

"असावी. पण अशी फ्रेंच मी ऐकलेली नाही. मी शपथेवर काही सांगणार नाही." मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "घोड्यांचं विचारतायत. घोडे उतरवले का म्हणतायत. आणि किनाऱ्यावर माणसं उभी आहेत. ती बोलत नाहीत, नुसती बघतायत."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. माझं मनगट धरलं. तोच प्रश्न त्यांनी मला विचारला. शब्द कळले नाहीत, पण तोच होता, यात मला शंका नाही.

"उतरले," मी म्हणाले. मराठीत. इतकी वर्षं मी त्यांच्याशी फक्त इंग्रजीत बोलले होते. तो शब्द मी निवडला नव्हता.

त्यांनी मनगट सोडलं. मान हलवली आणि आणखी एक छोटंसं वाक्य बोलल्या. फादर उठून उभे राहिले. त्या वाक्याचा अर्थ त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही.

घरी आले तेव्हा अण्णा वर्तमानपत्र वाचत बसले होते. वडिलांना आम्ही अण्णाच म्हणायचो. मी पर्स ठेवली आणि विचारलं, "अण्णा, आपल्या लोकांचा घोड्यांशी काही संबंध होता?"

त्यांनी पेपर खाली केला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. होता का?"

"फौजेतल्या घोड्यांची निगा राखायचे, असं अज्जा म्हणायचे. बाहेर बोलू नको, असंही म्हणायचे."

"का? त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"कुठून आलात ते एकदा लोकांना कळलं," अण्णा म्हणाले, "की कधी जाणार तेही विचारतात." आणि त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

त्यानंतर सिस्टर कोणत्याच नावाला ओ देईनात. नाव विचारलं की शांतपणे समोर बघत राहायच्या, कोणीतरी समोर उभं असल्यासारख्या. जानेवारीतल्या एका दुपारी, खुर्चीतच, त्या गेल्या. डब्लिनच्या सिस्टर म्हणाल्या, चेहऱ्यावर जरा आश्चर्य होतं, बाकी काही नाही. थडग्याच्या दगडावर त्यांचं कॉन्व्हेंटातलं नाव तेवढं कोरायचं ठरलं. आडनाव घालायचा प्रश्न नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

दफनाच्या दिवशी अण्णा न सांगता माझ्याबरोबर आले. सिस्टरना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. कोपऱ्यात चपला काढून उभे राहिले, माती टाकून होईपर्यंत हलले नाहीत.

परत येताना ऑटो केली. ड्रायव्हर बोलका होता. अण्णांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, पण त्या दिवशी ते बाहेर बघत बसले होते. सिग्नलला थांबल्यावर ड्रायव्हरनं आरशातून बघत सहज विचारलं, "याव ऊरु सार, निम्मदु?" म्हणजे, तुमचं गाव कोणतं.

अण्णांनी एक नाव सांगितलं.

बेंगळूर नव्हे. आजूबाजूचं, माझ्या ओळखीचं कुठलंच गाव नव्हे. मराठी गावाचं असतं तसं नाव, शेवटी 'वाडी' नाहीतर 'वडी' असं काहीतरी. ते त्यांनी रोज सांगत असल्यासारखं सांगितलं. ड्रायव्हर "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि ऑटो पुढे निघाली.

घरी पोचल्यावर मी विचारलं, "अण्णा, त्याला कोणतं गाव सांगितलंत?"

"कोणाला?"

"ऑटोवाल्याला."

"बेंगळूर," ते म्हणाले. "दुसरं कोणतं सांगणार?" त्यांच्या तोंडावर थट्टेचं चिन्ह नव्हतं. आत जाऊन त्यांनी पाय धुतले आणि आईला कॉफी टाकायला सांगितलं.

नकाशात मी खूप दिवस शोधलं. पण नावाची सुरुवातच आठवत नाही, तर शोधणार कसं? अण्णांना पुन्हा विचारलं नाही. मात्र तेव्हापासून आम्ही दोघं कुठे बाहेर गेलो आणि कोणी गाव विचारलं, की त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर देऊन टाकायची.