डाव्या बाजूची मॅट

रविवारी गाडी धुताना पायाखालच्या रबरी मॅट झटकायला काढल्या, आणि डाव्या बाजूची मॅट हातात धरून तसाच उभा राहिलो. उजवा पाय टेकतो त्या जागी ती पार झिजली होती. त्या बाजूला ब्रेक नसतो. तिथे माझी बायको बसते.

गाडी घेतली तेव्हा शोरूममधला माणूस म्हणाला होता, "साहेब, ही तुमच्या सवयी शिकत जाते." खरंच शिकली. सुरुवातीला पुढच्या ट्रकच्या जवळ गेलो की टुकटुक करून हैराण करायची. मग तिला कळलं, या माणसाला असंच चालवायला आवडतं. आता अगदी टेकायला आलो तरच बोलते. "गाडी माझ्या वळणावर गेली बघा," असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो.

बायकोही पूर्वी म्हणायची, "अहो, जरा अंतर ठेवा ना." मी म्हणायचो, "गाडीला कळतं, तू गप्प बस." हळूहळू ती बोलायची थांबली. मला वाटलं, गाडीसारखी तिलाही माझी सवय झाली. माणूस गप्प झाला की त्याला समजूतदार म्हणून आपण मोकळे होतो. तिची भीती मात्र कुठेच गेली नव्हती. ती मुकाट्याने त्या रबरात उतरत होती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघालो. पुढे ट्रक दिसताच लांबूनच ब्रेक लावला आणि हळूच तिच्या पायाकडे पाहिलं. तो माझ्याआधीच मॅटवर दाबलेला होता.