पोचवायला आलेले गृहस्थ

"रंगपंचमी आली, पळवतो," असं म्हणून भाऊ रिमोटचं बटण अंगठ्याने दाबून धरायचे. पडद्यावर कोणी कोणाचा गळा फाडत असायचं, कोणाची आतडी बाहेर येत असायची, आणि ते सगळं चौपट वेगाने, आवाजाशिवाय सरकून जायचं. पुन्हा दोन माणसं एकमेकांशी बोलताना दिसली की अंगठा उठायचा. "हां. आता सांगा बाई, काय म्हणतायत ती?"

अर्णव, तू मित्रांबरोबर केलेली झॉम्बींची फिल्म मी दोनदा पाहिली. सॉसच्या किती बाटल्या संपल्या ते तुझी आई सांगेलच. भीती वाटली का, असं तू विचारलंस, तेव्हा मागून ताई हसली. आजीला झॉम्बी काय कळणार, असं तिला वाटलं असेल. तुम्हा दोघांना ठाऊक नाही, पण तुमच्या आजीने असे सिनेमे ढिगाने पाहिले आहेत, दुपारी तीन वाजता, चहा घेत, आपल्या समोरच्या घरात. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी भाऊंपासूनच सुरू करते.

भाऊंचं एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. पुढे सीडी आल्या, मग त्याही गेल्या, आणि दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारा आला. भाऊ घरी बसले, पण भुताखेतांच्या सिनेमांची हौस काही सुटली नाही. त्यातही मेलेली माणसं उठून चालू लागतात, ते सिनेमे त्यांना जास्त प्रिय. अडचण एकच होती. इंग्रजी येत नव्हतं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेली, नुकतीच निवृत्त झालेली. एक दिवस खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभं राहून त्यांनी हाक मारली, "ओ बाई, जरा येता काय? एक मढं काहीतरी बोलतंय, कळत नाही."

मढं बोलत नव्हतं, त्याची बायको बोलत होती. मी तेवढं सांगून निघणार होते. पण त्यांनी पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं, आणि तसा तो रिवाजच पडला.

भाऊंचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "हा आधी कोण होता, ते सांगितलंन काय?" उठून चालणाऱ्या माणसाचा आधीचा पत्ता सिनेमाने दिला नसेल, तर भाऊंच्या मते तो सिनेमा फुकट. "रंग काय, कोणीपण उडवतो. तो बस चालवायचा काय, पोरीला शाळेत सोडायचा काय, ते कळलं तर मला त्याची भीती वाटेल ना? नाहीतर तो नुसता घाण कपडे घातलेला माणूस."

तुझ्या फिल्ममध्ये चौघे मेले रे अर्णव, आणि मला एकाचंही नाव कळलं नाही. भाऊंनी ती पाच सेकंदांत पळवली असती.

दाराचा प्रसंग मात्र ते कधी पळवत नसत. तो बहुतेक सिनेमांत असतोच. आत घरची माणसं, बाहेर त्यांच्यातलाच एक, आता बदललेला, दार ठोठावणारा. अशाच एका सिनेमात एक बाई दाराला पाठ लावून उभी होती. भाऊंनी तो भाग तीनदा लावला.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, हा आता माझा नवरा नाही."

"कशावरून? विचारलंन काय त्याला?"

मी म्हटलं, भाऊ, तिने दार उघडलं तर तो तिला खाईल. त्यावर ते जरा रागावल्यासारखे झाले. "ते झालं रंगपंचमीचं. मी गोष्टीचं विचारतोय."

त्यांनी ते का विचारलं, हे कळायला मला आतल्या खोलीकडे बघावं लागलं. तिथे त्यांची बायको कापडाच्या घड्या घालत बसलेली असायची. घातलेली घडी मोडून पुन्हा तीच घडी. मी त्यांना आयुष्यभर वहिनी म्हणत आले. वर्षभरात त्यांचं एकेक सगळं पुसलं जात होतं. आधी वस्तूंची नावं गेली, मग लेकाचं नाव, आणि मग एका सकाळी त्यांनी भाऊंना विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

त्यांना एकच गोष्ट पक्की आठवत होती, ती म्हणजे पावस गावचं माहेर. दिवेलागणीला आपल्याकडे पुढचं दार उघडं ठेवायची रीत आहे, लक्ष्मी येते म्हणून. नेमक्या त्या वेळी वहिनींना घरी जायचं असायचं. पदर सावरून त्या थेट बाहेर. दोनदा त्या पार नाक्यापर्यंत गेल्या. त्यांचा मुलगा ठाण्याहून फोनवर सांगायचा, बाबा, दाराला बाहेरून कडी लावा, कुलूप घाला, नाहीतर मी आईला संस्थेत ठेवतो. त्याचंही चुकत नव्हतं. भाऊ मला म्हणाले, "आत कोंडून ती माणसात नाही असं ठरवायचं, हे माझ्याच्यान होणार नाही. तिला नेलंनी तर मी इथे काय करू?"

त्यांनी दार लावलं नाही. त्यांनी गोष्ट रचली.

तिन्हीसांजेला ते वहिनींचा हात धरून म्हणायचे, "चला, पावसला सोडतो तुम्हाला." पुढच्या दाराने बाहेर, खळ्यातून, दगडी गडग्याच्या कडेने, आंब्याखालून, विहिरीला वळसा घालून मागीलदारी. वाटेत ते सांगायचे, हे भाट्ये आलं, ही खाडी ओलांडली, आता थोडंच राहिलं. मागीलदारी मी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी. माहेरवाशिणीच्या पायांवर पाणी घालायचं, तुकडा ओवाळून टाकायचा. "आलाव बघा पावसला," भाऊ म्हणायचे, आणि वहिनींचा चेहरा असा उजळायचा की मला दर वेळी दुसरीकडे बघावं लागायचं.

माहेरची भावजय समजून त्या मलाच वहिनी म्हणू लागल्या. मग माझ्या कानाशी येऊन सांगायच्या, "हे गृहस्थ फार भले. एवढ्या लांबून पोचवायला आले. त्यांना चहा दे हो."

मी चहा करायची. भाऊ स्वतःच्याच घरात, मागीलदारच्या पायरीवर, पाहुण्यासारखे अवघडून बसून चहा प्यायचे. "चहा बरा झालाय," असं एकदा म्हणायचेच.

एका संध्याकाळी आषाढाचा पाऊस आडवा येत होता, म्हणून त्यांनी दार लावलं. तेवढ्या एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसले होते. चहा घेताना बाही वर सरकली आणि मला मनगटाच्या वर हळद भरलेले दातांचे व्रण दिसले. चांगले खोल होते. मी डॉक्टर, इंजेक्शन, सगळं बोलले.

"आता सिनेमाच्या नियमाप्रमाणे मीपण त्यातलाच होणार," ते हसून म्हणाले. मला हसू आलं नाही, तेव्हा त्यांनी बाही खाली ओढली. "दार मी लावलं होतं, बाई. गोष्ट तेवढीच. बाकीची रंगपंचमी, ती पळवा."

इंजेक्शनला मात्र मी त्यांना नेलंच. त्यानंतर पावसातही ते छत्री धरून पावसला जात राहिले.

वहिनी चावल्याची बातमी ठाण्याला पोचली. गणपतीत मुलगा आला तो पिशवीत नवं कुलूप घेऊन, आणि संस्थेत बोलणी करूनच. सण झाला की आईला नेणार, असं त्याने मलाही सांगितलं. भाऊ त्याच्याशी वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आज बाईंकडे आरतीला माणसं आहेत. मागीलदारी तू उभा राहा."

मी आमच्या पडवीतून बघत होते. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा तो मुलगा तांब्या धरून उभा होता. वळसा घालून दोघं आली. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या गालाला हात लावला. "दादा, किती रे वाळलास." त्याने आईच्या पायांवर पाणी घातलं. तुकडा उलटा ओवाळला, पण ओवाळला. मग आत जाऊन त्या पोचवायला आलेल्या गृहस्थांसाठी चहा घेऊन आला. कुलूप पिशवीतच परत गेलं.

मार्गशीर्षात एका दुपारी मी नेहमीसारखी गेले. बाहेरूनच किंकाळ्या ऐकू आल्या. भाऊंच्या घरात किंकाळ्या कधी ऐकू येत नसत, म्हणून पायरीवरच माझे पाय थबकले. पडद्यावर रंगपंचमी चालली होती आणि ती कोणी पळवत नव्हतं. भाऊ खुर्चीत होते, रिमोट मांडीवर. वहिनी शेजारी बसून त्यांच्या पंच्याची घडी घालत होत्या.

मी आधी टी.व्ही. बंद केला. मग भाऊंच्या हाताला हात लावला. तो गार पडला होता.

वहिनी आता ठाण्याला आहेत, लेकाकडे, बाराव्या मजल्यावर. समोरचं घर बंद असतं. दिवेलागणीला आपलं दार उघडं आणि त्यांचं बाहेरून कुलूपबंद, हे बघायची मला अजून सवय झालेली नाही.

पहिल्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. "काकू, फ्लॅटला मागचं दार नसतं. काय करू?" त्याचं उत्तर त्यानेच शोधलं. रोज संध्याकाळी तो आईला लिफ्टने खाली नेतो, इमारतीला वळसा घालतो, भाट्याची खाडी ओलांडतो आणि दुसऱ्या लिफ्टने वर येतो. दारात सून तांब्या घेऊन उभी असते.

परवा पुन्हा त्याचा फोन आला. म्हणाला, सगळं नीट होतं काकू, पाय धुतो, तुकडा ओवाळतो. पण आत यायच्या आधी आई मागे वळून लिफ्टकडे बघत उभी राहते. विचारते, "पोचवायला यायचे ते गृहस्थ कुठे गेले? चहा न घेताच गेले?"

"काय सांगू तिला?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "सांग, त्यांना शेवटची एस.टी. गाठायची होती. चहा राहिला म्हणून हळहळत होते म्हणावं."