अकरावी नोंद

“टाकू नका, लागेल,” म्हणत काका हात पुढे करायचे आणि माझ्या कचऱ्याच्या पिशवीतून काहीतरी उचलायचे. कधी सुतळी, कधी रिकामी बरणी. असा एखादा शेजारी तुमच्याही इमारतीत असेल.

कोलकात्याजवळच्या बजबजच्या ज्यूट मिलमधून निवृत्त झालेले काका एकटेच राहत. कोलकात्यातल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. माझे यजमान बँकेत. दर बदलीला अर्धं घर काढून टाकायची मला सवय. गुडघ्यांमुळे काका तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आले, तेव्हा सामानाचा ताबा मीच घेतला. तीन याद्या केल्या: ठेवणे, देणे, टाकणे.

“हा छातीचा स्कॅन. टाकू नका, लागेल.”

“काका, न्यूमोनिया बरा होऊन चार वर्षं झाली. आता काय भिंतीवर लावणार?”

ते हसले. ‘टाकणे’मध्ये ती अकरावी नोंद झाली.

वर्षभराने हर्नियाच्या ऑपरेशनआधी त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला, मग स्कॅन. उजव्या फुप्फुसात नऊ मिलिमीटरची गाठ. एस्प्लनेडजवळच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, जुन्या आजाराचे व्रण. पण एका स्कॅनवरून ते ठरत नाही. गाठ वाढते का, ते पाहावं लागतं.

“पुराना स्कॅन है क्या? उसमें भी इतनी ही हो, तो चिंता कम.”

मी पर्सची चेन उघडझाप करत राहिले.

“नहीं,” काका म्हणाले. “मैंने ही फेंक दिया.”

जन्मात सुतळी न टाकलेला माणूस!

बजबजचं ते स्कॅन सेंटर बंद झालेलं. रद्दीवाल्याकडची फिल्म केव्हाच चांदी काढायला गेलेली. उरलं तीन महिने थांबणं. मी कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला. काका विचारायचे, “अहो बाई, मला तर जेवण जात नाही. मग ती गाठ खाते काय?”

दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ चौदा मिलिमीटरची निघाली. सुईने तुकडा काढला, तपासला, औषधं झाली. पुढची दुर्गापूजा काकांनी पाहिली नाही. “तीन महिन्यांनी फार फरक पडला नसता,” असं डॉक्टर म्हणाले. ते मी वहीत लिहून ठेवलंय. अधूनमधून वाचते.

घर आवरायला सांगलीहून त्यांचा पुतण्या आला. स्कॅनच्या पाकिटातून एक घडी घातलेला कागद पडला. माझी ‘टाकणे’ची यादी. अकरावी नोंद माझ्याच अक्षरात. काकांनी ती ठेवली होती, आणि कुणाला दाखवली नव्हती.

“काकू, हे रद्दीत ना?”

“टाकू नका,” म्हणत मी हात पुढे केला.