नाल्यावरून न हलणारी वाघीण

“पट्टा गळून पडला तुमचा, म्याडम,” रेंजर मेश्राम साहेब म्हणाले. “वाघीन एवढे दिवस एका जागी बसून राह्यते का कुठी? उद्या सकाळी बांबूतोड सुरू होऊन राह्यली.”

पट्टा म्हणजे रेडिओ कॉलर. मुलचेऱ्याकडच्या जंगलात एका वाघिणीच्या गळ्यात आम्ही अभ्यासकांनी ती बसवली होती. कॉलर सारखा सिग्नल सोडते. अँटेना फिरवून तो कुठल्या दिशेला जोरात येतो ते ऐकायचं. दोन ठिकाणांहून अशा दिशा घेतल्या, की नकाशावर रेघा जिथे छेदतात तिथे जनावर.

आठवडाभर रोज सकाळी या रेघा एकाच कोरड्या नाल्याच्या काठावर छेदत होत्या. नेमका तो नाला त्या वर्षीच्या कूपात आला होता. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा.

कॉलर गळाली असेल, वाघीण मेली असेल, नाहीतर तिला पिल्लं झाली असतील. पिल्लं असली तर उद्या कोयते घेऊन माणसं थेट तिच्या पुढ्यात जाणार होती. पिल्लांची आई अंगावर येते, त्यामुळे जाऊन बघायची तर सोय नव्हतीच.

“एक दिवस थांबवा ना, सर.”

“वरून कारन विचारतीन. म्याडमले वाटते म्हनून लिवू का?”

त्यांचंही खरं होतं. पण राग आलाच. बाहेर कामावरचे मुकादम शब्बीरभाई उभे होते. उद्या माणसं तेच पाठवणार होते. मी त्यांनाच म्हटलं, “भाई, दुपारभर माझ्यासोबत टेकडीवर बसता का?”

त्यांनी अँटेनाकडे पाहिलं. “कोन्तं च्यानल लागते याच्यावर?” म्हणाले, पण जीपमध्ये बसले.

टेकडीवरून सिग्नल स्वच्छ येत होता. टक, टक. दिशा नाल्याचीच. तासामागून तास गेले, दिशा तसूभर हलेना. माझा जीव टांगणीला लागला. वाघीण मेली असेल तर तिला बेशुद्ध करून कॉलर घालणारे आम्हीच, हा विचार काही केल्या जाईना.

उन्हं कलली आणि आवाज बारीक झाला. मी अँटेना फिरवली. सिग्नल आता खालच्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तलावाच्या बाजूने येत होता.

“चालून राह्यली का ते?” शब्बीरभाईंनी विचारलं.

“हो. जिवंत आहे.” मला रडूच आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

“मंग गेली ना. उद्या मोकळंच हाय.”

“थांबा थोडं.”

अंधारायच्या आत दिशा पुन्हा नाल्यावर आली. शब्बीरभाईंनी विडी दगडावर विझवली.

“पानी पिऊन वापस आली. पिल्ले हायेत तिचे. मी नाई धाडत मानसं.”

रेंज ऑफिसात त्यांनी हेच सांगितलं. मुकादमच माणसं पाठवत नाही म्हटल्यावर मेश्राम साहेबांना वायरलेसवर सांगायला कारण मिळालं. वरून हुकूम आला, आधी रस्त्यापलीकडचा कूप घ्या. मजुरांचा रोज बुडाला नाही. त्या रात्री मी जेवले आणि ढाराढूर झोपले.

पुढे नाल्याच्या वाळूत आईच्या पावलांशेजारी पिल्लांचीही पावलं दिसली. मेश्राम साहेबांनी स्वतः नकाशावर नाल्याभोवती लाल रेघ मारली आणि तो काठ तोडीतून वगळला गेला.

वाघ किती लांब फिरतो, हे सगळेच विचारतात. कुठली जागा वाचवायची हे मात्र तो जिथे परत येतो तिथून कळतं, आणि त्यासाठी बराच वेळ नुसतं बसून राहावं लागतं.